काचेचं घर हवं, पण पाखराला दिसेल असं



काचेच्या घराला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "काकूंना नवीन काही आवडत नाही" असं कुणी म्हणायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की भिंतीच्या जागी काच बसवली की निसर्गाशी नातं जुळलं, हे काही मला पटत नाही. काचेतून निसर्ग दिसतो. पण दिसणं वेगळं आणि नातं वेगळं. नात्यात दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. आपल्याला झाड दिसतं, पण झाडावरच्या पाखराला आपली काच दिसते का, हा प्रश्न घर बांधणाऱ्यांपैकी फारसं कुणी विचारत नाही.

हा विषय आताच लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा मळ्यात बंगला बांधतोय. आपल्या कोल्हापूर-सांगली भागात सध्या हे बरंच चाललंय. गावातलं जुनं घर अपुरं पडतं, गाडी लावायला जागा नसते, मग मुलं मळ्यात घर काढतात. त्याच्या नकाशात हॉलची पश्चिमेची पूर्ण बाजू काचेची आहे, तीस फूट लांब, दहा फूट उंच. समोर ऊस, आंब्याची पाच-सहा झाडं आणि लांबवर नदीची रेघ. "काकू, निसर्ग घरात आला पाहिजे," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, निसर्ग म्हणजे मुंग्या, पाली आणि पावसाळ्यातले किडे. ते आले की तूच आधी झाडू शोधशील." तो हसला, पण नकाशा माझ्याकडे ठेवून गेला. त्या घरात जाऊबाई राहणार आहेत. त्यांनी सत्तरी ओलांडलीय, सूर्यास्तानंतर त्या काही घेत नाहीत, पहाटे सामायिकाला बसतात. म्हणून हा नकाशा मी हिशेबाची वही तपासावी तसा तपासला.

आधी, ज्यांनी अशी घरं पहिल्यांदा बांधली त्यांचं काय झालं ते पाहू.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात प्लेनो नावाच्या गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी, १९५१ साली एक काचेचं घर पूर्ण झालं. वास्तुकार होते मीस व्हॅन डर रोहे आणि मालकीण होत्या शिकागोच्या एक डॉक्टर, एडिथ फार्न्सवर्थ. चारी बाजूंनी काच, मध्ये लाकडी गाभा, त्यातच स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर. आजही जगभरचे विद्यार्थी हे घर पाहायला जातात. पण ज्या बाईला तिथे राहायचं होतं, तिचं काय? खर्चावरून वास्तुकार आणि मालकीण कोर्टात गेले. हवा खेळायला दरवाजा आणि एका टोकाला खालच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या, बस्स. उन्हाळ्यात घर तापायचं, हिवाळ्यात काचेवर आतून पाणी जमायचं. रात्री दिवा लावला की अख्खं घर कंदिलासारखं दिसायचं आणि किडे जमायचे, म्हणून पुढच्या ओसरीला जाळी बसवावी लागली. ओट्याखाली कचऱ्याची बादलीसुद्धा ठेवता येत नाही, कारण ती रस्त्यावरून दिसते, अशी त्या बाईंची तक्रार होती. मैत्रिणींनो, ही तक्रार वाचून मला त्या आपल्यातल्याच वाटल्या. नकाशा काढणाऱ्याला बादली दिसत नाही, घर चालवणारीला ती रोज दिसते.

आणखी एक गोष्ट. नदीच्या पुराचा विचार करून ते घर जमिनीपासून पाच फुटांहून थोडं अधिक उंच उचललं होतं. तरीही १९५४ साली पाणी आत शिरलं आणि १९९६ साली तर आत शिरून काचाही फुटल्या. आपण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. तेव्हा "रिव्हर व्ह्यू" हा शब्द कानावर आला की आधी पूररेषा विचारायची, मग काचेचा रंग.

दुसरं प्रसिद्ध घर फिलिप जॉन्सन यांचं, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू केनन इथलं, १९४९ सालचं. तेही चारी बाजूंनी काचेचं, फक्त न्हाणीघर विटांच्या गोल बुरुजात. फोटोत फार सुंदर दिसतं. पण फोटोत सहसा न येणारा भाग असा की भोवती जवळपास पन्नास एकर जमीन आहे आणि समोरच विटांचं दुसरं घर आहे, ज्याच्या काचघराकडच्या भिंतीला एकही खिडकी नाही. मी कॉमर्सची. माझ्या हिशेबाने त्या घराची खरी किंमत म्हणजे काचेचं घर, अधिक पन्नास एकर एकांत, अधिक आडोशाला विटांचं एक घर. आपण फक्त पहिली रक्कम लिहितो आणि उरलेल्या दोन वगळून बेरीज करतो.

तिसरं घर मात्र मला मनापासून आवडलं, आणि ते एका बाईने काढलेलं आहे. लीना बो बार्डी, जन्म इटलीचा, १९४६ साली नवऱ्यासोबत ब्राझीलला गेल्या. साओ पाउलो शहरात त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं, तेही १९५१ मध्येच पूर्ण झालं. त्याचं नावच काचेचं घर. पुढची बाजू काचेची आणि बारीक खांबांवर उचललेली. बैठकीच्या मधोमध उघडा चौक, त्यातून एक झाड वर गेलेलं. मागची बाजू मात्र साध्या पक्क्या भिंतींची. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कामाची जागा सगळं त्या भिंतींच्या आड. भोवती त्यांनी झाडं लावली, वाढू दिली आणि आज घर त्या झाडीत जवळजवळ हरवलंय. १९९२ साली वारल्या तोपर्यंत त्या तिथेच राहिल्या. जिथे पाहायचं तिथे काच, जिथे जगायचं तिथे भिंत. हे तत्त्व मला पटलं.

आता आपल्या उन्हाकडे येऊ.

काचेचा स्वभाव असा की ती ऊन आत सोडते, पण आतल्या तापलेल्या वस्तूंची धग बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बसलो की हे कुणी शिकवावं लागत नाही. थंड देशात हा गुण, आपल्याकडे हाच दोष. म्हणून दिशा महत्त्वाची, आणि इथे वास्तुशास्त्रापेक्षा शाळेतला भूगोल जास्त कामाला येतो.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेसतरा अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला कलतो आणि दुपारीही सुमारे पन्नास अंशांवरच असतो. याचा अर्थ काय? दक्षिणेला सात फूट उंच काच आणि वर तीन फुटी छज्जा असेल, तर मार्चअखेर दुपारी छज्जाची सावली दहा फुटांहूनही खाली उतरते. पूर्ण काच झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली साडेतीन फुटांच्या आसपास राहते आणि खालच्या अर्ध्या काचेतून कोवळं ऊन पायांवर येतं. म्हाताऱ्या माणसाला हिवाळ्यात आणखी काय हवं? उत्तरेला तर लहानसा छज्जा पुरतो, उजेडही शांत मिळतो.

पश्चिमेचं तसं नाही. चार वाजता सूर्य खाली आलेला असतो, त्याला कुठला छज्जा अडवणार? मग पडदे लागतात. सूर्यास्त बघायला बसवलेली तीस फुटी काच मार्च ते मे जाड पडद्याआड जाते आणि पडद्यामागे एसी सुरू होतो. पडदा आतून लावला की ऊन काचेच्या आत आलेलंच असतं, त्यामुळे धग घरातच राहते. आडोसा करायचा तर काचेच्या बाहेर हवा: वेलीचा मांडव, बांबूची चिक, लाकडी झडपा.

हिशेब साधा आहे. तीन एसी, रोज पाच तास, प्रत्येकी तासाला सव्वा युनिट धरलं तर दिवसाला जवळपास एकोणीस युनिट. उन्हाळ्याचे शंभर दिवस, म्हणजे एकोणीसशे युनिटच्या घरात. तुमच्या बिलावरचा दर घाला आणि गुणा. दुहेरी काच, उष्णता परतवणारा लेप असलेली काच मिळते, त्याने फरक पडतो, पण तिची किंमतही तशीच असते. भांडवली खर्च एकदाच होतो, आवर्ती खर्च जन्मभर पाठ सोडत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आणि काच म्हणजे खिडकी नव्हे. उघडते ती खिडकी. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली राहत्या इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. त्यात उष्ण-दमट हवेच्या भागात चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश इतकी जागा उघडता येणारी असावी असं म्हटलंय. बाराशे चौरस फुटांच्या घराला दोनशे चौरस फूट. नकाशात तीनशे चौरस फूट काच आहे आणि त्यातली उघडणारी पंचवीस फूट, असं असेल तर ते घर नाही, शोकेस आहे.

आता मूळ मुद्दा.

पाखराला काच कळत नाही. काचेत आभाळ आणि आंब्याचं झाड दिसतं, ते तिकडे झेपावतं. किंवा आत ठेवलेल्या कुंड्या आरपार दिसतात, त्यांच्याकडे जातं. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे नवरंग येतो, किती देखणा पक्षी! तो, खंड्या, तांबट, पारवे, हे असे आपटून पडलेले पुष्कळ ठिकाणी सापडतात. काही उठून उडतात, पण आतून दुखावलेले पुढे जाऊन मरतात आणि ते आपल्याला कळतही नाही.

अमेरिकेत २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे इमारतींवर आपटून वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळपास नव्व्याण्णव कोटी पक्षी मरत असावेत, असा त्यातला अंदाज. मला वाटलं होतं हे सगळं उंच टॉवरमुळे. पण तसं नाही. त्यातले सुमारे ४४ टक्के एक ते तीन मजली राहत्या घरांवर आपटून मेलेले. उंच इमारतींचा वाटा एक टक्काही नाही, कारण घरं संख्येने खूप आहेत आणि झाडं घरांच्या उंचीची असतात. म्हणजे प्रश्न तुमच्या-माझ्या बंगल्याचा आहे.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत तलावाकाठच्या एका प्रचंड प्रदर्शन केंद्राच्या काचांवर आपटून एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्यानंतरच्या हंगामात मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. नियम एवढाच: ठिपके किंवा रेघा दोन-दोन इंचांवर हव्यात आणि काचेच्या बाहेरच्या बाजूने हव्यात. घारीचं एखादं चित्र चिकटवून काही होत नाही. काचेबाहेर डासांची जाळी बसवली तरी काम होतं, त्याने प्रतिबिंब मोडतं आणि डासही थांबतात. दोन भिंतींच्या कोपऱ्यावर काचेला काच भिडवायची फॅशन आहे, ती पाखरांना सगळ्यात घातक, कारण त्यांना आरपार वाट दिसते.

पाखरू आपटून पडलं तर त्याच्या चोचीत पाणी घालू नका. आपला हात आधी पाण्याकडे जातो, पण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, अंधार करा, शांत ठेवा. तासाभराने बाहेर नेऊन खोकं उघडा. नाही उडालं तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे किंवा वनखात्याकडे.

आता कुणी म्हणेल, घर बांधणं ही आरंभी हिंसा आहेच. पाया खणला की किती जीव जातात, गृहस्थाला ती टाळता येत नाही. अगदी खरं. पण म्हणूनच यत्नाचार सांगितलाय ना? आपण पाणी गाळून घेतो, भाजी निवडताना अळी बाजूला करतो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो. आणि त्याच घराची भिंत मात्र अशी बांधायची की वर्षानुवर्षं पंचेंद्रिय जीव तिच्यावर डोकं आपटून मरतील? माहीत नव्हतं तोवर गोष्ट वेगळी. कळल्यावर, आणि उपाय काही हजारांत असताना, ती हिंसा टाळता न येणारी राहत नाही. मग ती बेपर्वाई होते.

रात्रीचाही विचार करा. सूर्यास्तापूर्वी जेवायचा आपला नियम दिव्याभोवती जमणाऱ्या जीवांमुळेही आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं, तर किडे दिव्याकडे धावत नाहीत असं दिसलं. उडताना पाठ उजेडाच्या बाजूला ठेवायची त्यांची उपजत सवय असते, आकाश वर असतं म्हणून. दिवा शेजारी आला की ते कलतात आणि गोल गोल फिरत तिथेच अडकतात. म्हणजे मोह त्यांचा नाही, सापळा आपला. मळ्यातल्या अंधारात तीस फुटी उजळलेली काच म्हणजे केवढा सापळा! तिथे दिवे पिवळसर आणि कमी हवेत, खाली वळवलेले हवेत आणि अंधार पडला की बाहेरचा आडोसा ओढायलाच हवा. आणि जाऊबाई पहाटे दिवा लावून सामायिकाला बसल्या की त्या रस्त्यावरून दिसणार. त्यांना ते चालेल का, हे नकाशा काढताना कुणी विचारलं नव्हतं.

काच पुसणार कोण, हेही विचारलं नव्हतं. तीनशे चौरस फूट काच, आतून-बाहेरून सहाशे. उसाच्या रस्त्याची धूळ, पावसाचे शिंतोडे, नातवंडांचे हात. बाई ठेवू म्हणतात, पण बाई आली नाही की काम कुणाकडे येतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पाणी किती जातं, तेही मोजा. निसर्गाशी नातं जोडायला काढलेल्या घरात आठवड्याचा एक दिवस काच पुसण्यात जाणार असेल, तर झाडाखाली बसायचं कधी?

आपल्या जुन्या घरात काच नावाला होती. पण सोप्यावर बसलं की पाऊस अंगावर यायचा, चौकात ऊन सरकलं की किती वाजले ते कळायचं, परसात जाई फुलली की वास माजघरापर्यंत यायचा. अंगाला वारा लागायचा. काचेतून वारा येत नाही, वास येत नाही, आवाज येत नाही. फक्त चित्र दिसतं, मोठ्या टीव्हीसारखं. म्हणून माझं मत असं: मळ्यात घर बांधताय तर पैसे आधी सोप्यावर घाला, मग चौकावर, मग झाडांवर आणि उरले तर काचेवर. काच घाला उत्तरेला, छज्जासह दक्षिणेला, चौकाकडे तोंड करून. वास्तू हासुद्धा परिग्रहच आहे, हे आपल्या व्रतांत स्पष्ट सांगितलंय. त्याचं परिमाण करायचं म्हणजे खोल्या मोजायच्या एवढंच नाही, काचही मोजायची.

पुतण्याने पश्चिमेची काच कमी करायचं कबूल केलंय, तिथे आता सोपा येईल, सूर्यास्त तिथे बसून बघता येईल. ठिपक्यांवर मात्र तो अडलाय. "काकू, एवढा खर्च करून काचेवर ठिपके? लोक काय म्हणतील?" मी त्याला सांगितलं, लोकांना सांग, इथे पाखरांना घर दिसतं. त्याचं अजून ठरलेलं नाही. दशलक्षण पर्वानंतर नकाशा कंत्राटदाराकडे जाणार आहे, तोवर मी सोडणार नाही.

तुमच्या घरी असा नकाशा आला, तर सही व्हायच्या आधी एवढं विचारा. काच कुठल्या दिशेला आहे आणि आडोसा आत आहे की बाहेर? त्यातली किती उघडते? काच टफन्ड आणि लॅमिनेटेड आहे का, म्हणजे मूल आपटलं तर तुकडे अंगावर येणार नाहीत? पाखरांसाठी बाहेरून काय खूण केलीय? रात्री बाहेरून घर कसं दिसेल? साफसफाईला शिडी लावायला जागा आहे का, आणि शिडीवर चढणार कोण? वास्तुकाराला हे प्रश्न पुरुषांनी विचारायचे आणि आपण चहा द्यायचा, असं करू नका. चहा त्यांना करू द्या. त्या घरात सगळ्यात जास्त तास आपण राहणार आहोत, तेव्हा नकाशा समोर ठेवून बसायचा पहिला मान आपला.